थाळीनाद, धिंड आणि शिमग्याची बोंब: गोंगाटाने जाब विचारण्याच्या प्रथांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च महिना आला की पुण्यात दोन प्रकारचा गोंगाट हमखास ऐकू येतो. एक शिमग्याच्या बोंबेचा आणि दुसरा मिळकतकर थकवणाऱ्यांच्या दारात वाजणाऱ्या महापालिकेच्या बँडचा. चारचौघांत लाज काढून माणसाला वठणीवर आणता येते, ही समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे. या समजुतीतून जगभर उभ्या राहिलेल्या प्रथा, त्यांचे मराठी मुलखातील भाऊबंद आणि आजच्या आंदोलनांतील त्यांचे रूप यांविषयी वाचकांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

गोंगाटाने लाज काढण्याची प्रथा म्हणजे नेमके काय?

गावाला किंवा आळीला न पटलेले वर्तन करणाऱ्या माणसाच्या दारासमोर लोक जमतात, हाताला लागेल ते वाजवतात, त्याच्या नावाने आरोळ्या ठोकतात, कधी त्याचे सोंग आणतात किंवा पुतळा फिरवतात आणि मग पांगतात. जमलेल्यांपैकी कोणालाही शिक्षा देण्याचा अधिकार नसतो आणि आवाजाची गरज त्यामुळेच भासते. कुजबुज ज्याच्याविषयी असते त्याला ती ऐकू येत नाही, असे निदान सगळे धरून चालतात. थाळी मात्र त्याला ऐकू येतेच, शिवाय ती त्याच्या शेजाऱ्यालाही खिडकीत आणते आणि ‘मला काही माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय कोणालाच ठेवत नाही.

युरोपात ही प्रथा कशी चालत असे?

फ्रान्समध्ये तिला शारिवारी म्हणत. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या एका फ्रेंच हस्तलिखितात मुखवटे घालून, कढया आणि घंटा बडवत निघालेल्या टोळीची चित्रे आहेत, त्यामुळे प्रथा त्याहून जुनी असली पाहिजे. तिचे नेहमीचे लक्ष्य म्हणजे तरुण मुलीशी लग्न करणारा म्हातारा बिजवर किंवा पुन्हा लग्न करणारी विधवा. गावातील अविवाहित तरुणांची मंडळे रात्री त्या जोडप्याच्या खिडकीखाली जमत आणि दारूपाण्यासाठी पैसे हातावर पडेपर्यंत भांडी बडवत. पैसे मिळाले की प्रकरण मिटे. इतिहासकार नताली झेमन डेव्हिस यांनी या तरुण मंडळांचा बारकाईने अभ्यास केला. गावात लग्नाच्या वयाच्या मुली मोजक्याच, आणि त्यांपैकी एक बिजवराने पळवली तर तोटा तरुणांचाच, असा त्या रागामागचा एक हिशेब होता.

इंग्लंडमधील प्रकार अधिक नाटकी होता. बायकोचा मार खाणारा नवरा हे तेथील आवडते लक्ष्य होते, परंतु घोड्यावर किंवा गाढवावर बहुधा तो स्वतः बसत नसे, तर त्याच्या जागी एखादा शेजारी बसवला जाई. तो शेपटीकडे तोंड करून बसे आणि बायकोचे सोंग घेतलेला दुसरा पुरुष त्याला पळीने बदडत असे. मागून कढया, शिंगे, खाटकांचे सुरे आणि हाडे वाजवणारी मंडळी चालत. खऱ्या माणसाऐवजी सोंग फिरवण्याची ही युक्ती महत्त्वाची आहे, कारण त्यामुळे अपमान पुरेपूर होई आणि अंगाला हात लागत नसे. सदैव असेच होई असे नाही. माणसाला ओढून तळ्यात बुचकळल्याच्या घटनाही नोंदलेल्या आहेत.

बव्हेरियाच्या डोंगराळ भागात याच प्रथेला जवळजवळ न्यायालयाचे रूप आले होते. तोंडाला काजळी फासलेले पुरुष रात्री जमत, दंतकथेप्रमाणे डोंगराच्या पोटात झोपलेल्या सम्राट शार्लमेनच्या नावाने हजेरी घेत आणि मग गावातील प्रतिष्ठितांची पापे यमकांत वाचून दाखवत. प्रत्येक कडव्यानंतर बंदुकांचे बार आणि घंटांचा कल्लोळ होई. १८९३ साली मीसबाख येथे असा मोठा जमाव जमला तेव्हा सशस्त्र पोलिसांशी त्याची चकमक झाली आणि पुढे सरकारने धरपकड करून ही प्रथा मोडून काढली.

बायकोला मारणाऱ्या पुरुषांविरुद्ध ही प्रथा कधी वापरली गेली का?

होय, आणि तिच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय वळण हेच आहे. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी दाखवून दिले आहे की सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मार खाणाऱ्या नवऱ्याची टिंगल करणारा हा गोंगाट एकोणिसाव्या शतकात अनेक ठिकाणी मारणाऱ्या नवऱ्याच्या दारात वाजू लागला होता. भांडी, बडवणारे हात आणि रस्ता तोच राहिला, पण कशाची लाज वाटायला हवी याविषयीचे गावाचे मत बदलले होते. म्हणून ही प्रथा पुरोगामी की प्रतिगामी, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

घरगुती भानगडींवरचा हा गोंगाट सामाजिक निषेधाचे हत्यार कधी झाला?

सतराव्या शतकापासून तरी तो तसा वापरलेला दिसतो. १६२६ ते १६३२ या काळात पश्चिम इंग्लंडमध्ये राजाने सार्वजनिक रानांना कुंपणे घालून ती विकायला काढली, तेव्हा ती कुंपणे मोडणाऱ्यांच्या पुढाऱ्यांनी स्त्रीवेश धारण करून स्वतःला ‘लेडी स्किमिंग्टन’ असे नाव दिले. स्किमिंग्टन हे नाव त्याच गाढवावरच्या मिरवणुकीचे होते. वेल्समध्ये १८३९ साली आणि पुन्हा १८४२–४३ मध्ये शेतकऱ्यांनी टोलनाक्यांविरुद्ध असाच उठाव केला. बायकी झगे आणि काळी केलेली तोंडे अशा वेषात ‘रिबेका आणि तिच्या मुली’ रात्री येत, शिंगे फुंकत आणि नाक्याचे फाटक कुऱ्हाडीने फोडत. गावातील व्यभिचाऱ्याला लाकडी घोड्यावरून फिरवण्याची वेल्सची जुनी प्रथा त्यांनी टोलच्या ठेकेदाराकडे वळवली होती. १८४४ च्या कायद्याने दक्षिण वेल्समधील टोलची घडी नव्याने बसवण्यात आली, म्हणजे आवाज वरपर्यंत पोहोचला होता.

कॅनडात, आजच्या क्यूबेक प्रांतात, १८३७ च्या बंडाच्या काळात गावकऱ्यांनी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या आणि मिलिशियाच्या कप्तानांच्या घरांसमोर रात्री शारिवारी घातली. पूर्वी नवरदेवाकडून दारूपाण्याचे पैसे मागत, आता कप्तानाकडून राजीनामा मागितला जाई. टोलनाक्यांवर आंदोलने पाहिलेल्या पुणेकरांना यातील काहीच परके वाटू नये.

महाराष्ट्रात अशी प्रथा होती का?

नेमकी तशीच नव्हती, पण तिची सगळी सामग्री आपल्याकडे सुटी सुटी सापडते. गाढव तर फारच जुने आहे. शिलाहारकाळापासूनच्या दानशिळांवर, ज्यांना गद्धेगाळ म्हणतात, वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढवाचे अश्लील चित्र कोरलेले असते. दान मोडणाऱ्याच्या घराण्याची लाज वेशीवर टांगली जाईल, हा शाप अक्षरे न वाचता येणाऱ्यालाही कळावा अशी ती सोय होती. पुणे परगणा विजापूरकरांच्या मुरार जगदेवाने उद्ध्वस्त करून तेथे गाढवाचा नांगर फिरवला, ही आठवणही शहराने जपून ठेवली आहे. तेव्हा गाढवावर बसवणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी सामग्री शिमग्याची. होळीच्या रात्री पालथी मूठ तोंडावर आपटून बोंब मारण्याची, आणि त्या बोंबेत गावच्या पाटलापासून सावकारापर्यंत कोणाचाही उद्धार करण्याची मुभा असे. पुढे पोरांच्या होळीच्या ओळींत इंग्रज सायबाचाही समावेश झाला आणि त्या ओळी आजही आजोबा लोक आवाज खाली आणून म्हणून दाखवतात. एरवी वर्षभर जे बोलता येत नाही ते एका रात्री बोलून टाकायचे आणि धुळवडीनंतर पुन्हा रामराम घालायचा, असा हा करार होता. ज्याच्या नावाने बोंब ठोकली त्याने मनात धरायचे नाही, हा त्या करारातील सर्वांत अवघड भाग.

बोरीचा बार आणि जावयाची गाढवावरची मिरवणूक याच प्रकारात मोडतात का?

शेजारचे आहेत, पण त्यांत निषेध नाही. सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून, हलगीच्या तालावर, हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात विडा या गावी धुळवडीला एका जावयाला चपलांचा हार घालून गाढवावरून मिरवतात आणि शेवटी कपड्यांचा आहेर करतात. पहिल्यात कोणा एकीवर आरोप नसतो आणि दुसऱ्यात जावई मानपानासह घरी जातो. तरीही दोन्हींचे महत्त्व आहे, कारण चपलांचा हार आणि जाहीर शिवी यांचे नियम गावाला पाठ असल्याचे त्यांत दिसते. हे नियम ठाऊक असलेला समाजच ते गंभीरपणे वापरू शकतो.

धिंड ही लोकांची प्रथा की राज्याची शिक्षा?

मुळात राज्याची आणि धर्मशास्त्राची. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एका अपराधासाठी स्त्रीचे मुंडण करून तिला गाढवावरून फिरवण्याची शिक्षा सांगितली आहे. मराठेशाहीतही धिंड ही दंडाची रूढ पद्धत होती. १७९१ साली पुण्याचा कोतवाल घाशीराम याने कोंडून ठेवलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी अनेक जण गुदमरून मेले, तेव्हा चिडलेल्या लोकांनी न्याय मागितला आणि दरबाराने अखेर कोतवालाला त्यांच्या हवाली केले. त्याला शहरातून फिरवले गेले आणि शेवटी जमावाने दगडांनी ठेचून मारले. या घटनेला लोकनिषेधाचे उदाहरण म्हणून मिरवणारे लोक भेटतात. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की शारिवारीतला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या दुकानाच्या फळ्या उघडत असे. ज्याला परत घरी जाता येत नाही त्याच्याविषयी लाजेची भाषा बोलण्यात अर्थ नाही.

पुण्याच्या इतिहासात टिंगलीच्या मिरवणुकीची नोंद आहे का?

आहे, आणि ती पुणेकरांना फारशी सुखावणारी नाही. १८७५ साली स्वामी दयानंद सरस्वती यांची पुण्यात व्याख्याने झाली. त्यांच्या सन्मानार्थ महादेव गोविंद रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सप्टेंबरात मिरवणूक काढली, तेव्हा सनातनी मंडळींनी त्याच दिवशी एक गाढव सजवून ‘गर्दभानंदाचार्यां’ची स्वारी काढली. दयानंदांच्या मिरवणुकीवर चिखलफेक झाली आणि दंगल उसळली. जोतीराव फुले दयानंदांच्या सर्व मतांशी सहमत नसतानाही आपल्या माणसांसह त्या मिरवणुकीच्या पाठीशी उभे राहिले. पुढे ‘सुधारक’ पत्राचे संपादक गोपाळ गणेश आगरकर यांच्या वाट्याला याहून कडवट प्रकार आला. ते जिवंत असतानाच विरोधकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या घरावरून नेली.

या दोन्ही प्रसंगांत शारिवारीची सर्व लक्षणे आहेत. सोंग आहे, गाढव किंवा तिरडी आहे, वाजतगाजत काढलेली फेरी आहे, लक्ष्याचे दार आहे. ज्यांची लाज काढली जात होती ते मात्र विधवांच्या आणि मुलींच्या बाजूने बोलत होते. पुण्यातील आजची कितीतरी आंदोलने मंत्र्यांची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढतात, मडके धरतात, टाहो फोडतात. ती करणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतःला आगरकरांचे वारस मानतात, पण त्यांच्या हातातील तिरडी आगरकरांच्या विरोधकांकडून आलेली आहे. त्यामुळे आंदोलन चुकीचे ठरत नाही. हत्यार कोणाच्याही हातात तितकेच धारदार असते, एवढे मात्र त्यावरून कळते.

युरोपात विधवेच्या लग्नावर गोंगाट होत असे, मग आपल्याकडे काय होत असे?

नेमके उलटे. ज्या जातींत पाट लावण्याची रीत होती, तेथे तो रात्री, वाजंत्रीशिवाय, फारसा गाजावाजा न करता लागत असे, आणि ज्या जातींत ती रीतच नव्हती तेथे बहिष्काराने काम भागत असे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्या दारात भांडी वाजवली नाहीत. ज्या सभेत कर्वे असतील तेथे कोणी बसायचे नाही, असे ठरवून गावाने त्यांना वाळीत टाकले. आपल्याकडची मोठी सामाजिक शिक्षा ही अशी गप्प राहून दिलेली शिक्षा होती, आणि युरोपीय वर्णने वाचून महाराष्ट्रात तेवढाच कल्लोळ शोधणाऱ्या अभ्यासकांच्या हाती फारसे लागत नाही त्याचे हे एक कारण असावे.

आपल्याकडे वाजवणारे कोण असत?

या प्रश्नाला पुरेसे महत्त्व दिले जात नाही. युरोपात शेजारी स्वतः कढई घेऊन बाहेर पडत. आपल्या गावगाड्यात वाजवणे हे नेमून दिलेले काम होते. हलगी मांगांकडे, दवंडी आणि वेसकरकी महारांकडे. गावाने कोणाची धिंड काढायची ठरवली तरी कातडे बडवणारा हात बहुधा त्यालाच सोपवलेला असे, ज्याला गावाच्या निर्णयात तोंड उघडायची परवानगी नव्हती. म्हणून आज अण्णा भाऊंच्या जयंतीला किंवा जिल्हाधिकारी कचेरीवरच्या हलगीनाद आंदोलनात तीच हलगी स्वतःच्या मागणीसाठी कडाडते, तेव्हा त्यात नुसता आवाज नसतो. पाहायचे असेल तर आंदोलन सुरू होण्याआधी थोडे लवकर जावे. वाजवणारे कागद आणि काटक्यांचा छोटा जाळ करून हलगीचे तोंड त्यावर फिरवत असतात, मधूनच बोटाने टिचकी मारून पाहतात आणि कातडे तापून ताणले गेल्याखेरीज टिपरूला हात लावत नाहीत. पावसाळ्यात हा जाळ दर अर्ध्या तासाने पुन्हा करावा लागतो.

बायकांच्या आंदोलनांत थाळी आणि लाटणे कोठून आले?

१९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महागाई आणि रॉकेलटंचाई असह्य झाली, तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर पक्षांच्या स्त्रियांनी मिळून महागाईविरोधी आघाडी उभी केली. त्यांच्या मोर्च्यांत हजारो गृहिणी रिकामी थाळी आणि लाटणे घेऊन उतरल्या आणि हा लाटणे मोर्चा पुढे महाराष्ट्रभर ठिकठिकाणी निघाला. निवड अचूक होती. थाळी रिकामी आहे हे दिसतही होते आणि ऐकूही येत होते.

त्याच सुमारास शहादा तालुक्यात आदिवासी स्त्रियांनी दारूचे गुत्ते फोडले आणि बायकोला मारणाऱ्या पुरुषांना सर्वांसमोर माफी मागायला लावली. दिल्लीत १९७९ साली हुंड्यापायी जळालेल्या तरुणीच्या सासरच्या घरासमोर स्त्रियांनी निदर्शने केली. पोलिसांच्या दप्तरी अपघात म्हणून नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंना शेजारपाजाऱ्यांनी खून म्हणावे, हा त्यांचा हेतू होता. सासरच्या छळाला स्वतंत्र गुन्हा ठरवणारे कलम ४९८-अ १९८३ मध्ये आले.

याचे सर्वांत ठसठशीत परदेशी उदाहरण युरोपातले नाही, आफ्रिकेतले आहे. नायजेरियातील इग्बो स्त्रियांत ‘पुरुषावर बसणे’ अशी रीत होती. बायकोला छळणाऱ्या किंवा बाजाराचे नियम मोडणाऱ्या पुरुषाच्या अंगणात बायका जमत, त्याची निंदा करणारी गाणी म्हणत, मुसळांनी झोपडीच्या भिंती ठोकत आणि तो सुधारण्याचे कबूल करेपर्यंत हलत नसत. १९२९ च्या अखेरीस स्त्रियांवर कर बसणार अशी बातमी पसरली, तेव्हा त्यांनी हीच रीत इंग्रजांनी नेमलेल्या मुखियांवर चालवली आणि त्यांच्या अधिकाराच्या टोप्या मागितल्या. इंग्रज अधिकाऱ्यांना ही दंगल वाटली. गोळीबारात पन्नासहून अधिक स्त्रिया मरण पावल्या.

आंदोलनासाठी भांडीच का वाजवतात?

भांडे प्रत्येक घरात असते, त्याला परवाना लागत नाही आणि ते घरातूनच वाजवता येते, ही सगळी कारणे खरी आहेत. संचारबंदीत शेवटचे कारण निर्णायक ठरते. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर लोक रोज रात्री आठ वाजता घराघरांतून भांडी बडवू लागले. तेथे पूर्वापार भांडी वाजवून पिशाच्चे घालवतात, त्यामुळे पिशाच्च कोण हे वेगळे सांगण्याची गरज पडली नाही. क्यूबेकमध्ये २०१२ साली पन्नास किंवा अधिक लोकांच्या मोर्च्याची पूर्वसूचना सक्तीची करणारा कायदा झाला आणि लोक गॅलरीत उभे राहून कढया वाजवू लागले. आइसलँडमध्ये बँका बुडाल्यानंतर जानेवारी २००९ मध्ये संसदेसमोर भांड्यांचा असा कल्लोळ झाला की महिनाअखेर सरकार पडले. अर्जेंटिनात डिसेंबर २००१ मध्ये लोकांची बँकेतील शिल्लक गोठवली गेली होती. त्यात आणीबाणी जाहीर होताच ब्युनॉस आयर्सचे मध्यमवर्गीय भांडी घेऊन रस्त्यावर आले आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला.

सर्वांत बोधप्रद मात्र चिली. तेथे डिसेंबर १९७१ मध्ये समाजवादी आयेंदे सरकारविरुद्ध टंचाईच्या मुद्द्यावर बायकांनी रिकाम्या भांड्यांचा मोर्चा काढला आणि त्यांत खात्यापित्या घरच्या स्त्रिया पुष्कळ होत्या. १९८३ साली त्याच देशात रात्रीच्या अंधारात भांडी वाजू लागली ती आयेंदेंना उलथवणाऱ्या पिनोशेच्या हुकूमशाहीविरुद्ध.

२२ मार्च २०२० चा थाळीनाद यात धरायचा का?

तो निषेध नव्हता. जनता संचारबंदीच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता डॉक्टर, परिचारिका आणि इतर सेवकांचे आभार मानण्यासाठी तो झाला. पण थाळीचा अर्थ कोणाच्या मालकीचा राहत नाही. त्याच वर्षी २७ डिसेंबरला दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांनी पंतप्रधानांचे आकाशवाणीवरील भाषण चालू असताना थाळ्या वाजवल्या.

महापालिका थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवते, तेही हेच का?

प्रकार तोच, दिशा उलटी. आर्थिक वर्ष संपत आले की पुणे महानगरपालिकेचा करसंकलन विभाग मोठ्या थकबाकीदारांच्या मिळकतींसमोर बँडपथक पाठवतो, आणि बरेच धनादेश पहिल्या दुसऱ्या गाण्यातच निघतात असे कर्मचारी हसून सांगतात. गावागावांतील ‘गुड मॉर्निंग पथके’ही अशीच. उघड्यावर शौचाला जाणाऱ्यांना पहाटे शिट्टी वाजवून किंवा गुलाबाचे फूल देऊन ती ओशाळवत असत. या पद्धतींविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. जप्तीची नोटीस, विलंबशुल्क, लिलाव असे सगळे कायदेशीर मार्ग ज्याच्या हाती आहेत, त्याने बँडही वाजवावा हे जरा जास्तच होते. दुसरा कोणताच मार्ग न उरलेल्याचे साधन म्हणून गोंगाट शोभतो. लाखो रुपये थकवलेल्या व्यापारी संकुलासमोर सनई वाजली तर कोणाला हळहळ वाटणार नाही, परंतु घरात शौचालयच नसलेल्या बाईमागे शिट्टी वाजवणे ही तिच्या गरिबीची धिंड होय.

धरणे आणि थाळीनाद यांत फरक काय?

जुने धरणे शांत असे. येणेकरी कर्जदाराच्या दारात उपाशी बसे आणि त्याचे काही बरेवाईट झाल्यास पाप कर्जदाराच्या माथी जाईल, या भीतीवर त्याचा भर असे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम ५०८ मध्ये दैवी कोपाची भीती घालणे गुन्हा ठरवले आणि उदाहरण म्हणून धरण्याचाच उल्लेख केला. आजच्या धरण्यातून देव गेला आणि निवेदन आले.

अशा आंदोलनांबाबत कायदा काय सांगतो?

शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद १९ ने दिला आहे. पोलीस महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश काढतात, त्यामुळे आंदोलनापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात पत्र देऊन पोच घेणे शहाणपणाचे असते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा.

माणसाला प्रत्यक्ष फिरवणे, तोंडाला काळे फासणे, चपलांचा हार घालणे यांना मात्र आंदोलन म्हणून कोणतेही संरक्षण नाही. प्रसंगानुसार बेकायदा जमाव, मारहाण, अडवणूक आणि बदनामी यांचे गुन्हे लागतात. हेच कृत्य अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीवर झाले, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यात त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. जातपंचायतीने कोणाला वाळीत टाकले, तर ३ जुलै २०१७ पासून लागू असलेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. असा स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य आहे.

समाजमाध्यमांवरील बदनामी ही नवी शारिवारी आहे का?

असे म्हणण्याची टूम आहे, पण एक मोठा फरक आहे. शारिवारीतले शेजारी दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर भेटणार होते, त्यामुळे अपमानाला मोजमाप असे आणि पैसे मिळाले, माफी मिळाली की प्रकरण मिटे. चित्रफीत फिरवणाऱ्या अनोळखी लोकांना कोठेच भेटायचे नसते आणि ती मिटवण्याचा अधिकार कोणाकडेच नसतो.

कार्यालयासमोर थाळीनाद आणि एखाद्याच्या घरासमोर थाळीनाद, यांत काही फरक मानावा का?

मानावा. जिल्हाधिकारी कार्यालयासमोरच्या थाळीनादाची एक ठरलेली चाल असते. पहिली दहा मिनिटे प्रत्येक जण आपापल्या वेगाने बडवत असतो, मग कोणाचे तरी लाटणे ताल धरते आणि बाकीचे त्यात मिसळतात. स्टीलच्या ताटल्यांना पोचे पडू लागतात, म्हणून जाणत्या बायका घरातली जुनी जर्मनची परातच घेऊन येतात. तासाभराने आतून निरोप येतो, पाच जणांना वर बोलावतात, निवेदनावर आवक-क्रमांकाचा शिक्का पडतो आणि परातीत चहाचे कप फिरतात. ज्या खुर्चीचा निषेध झाला ती खुर्ची संध्याकाळी घरी जात नाही.

घराचे तसे नसते. घरात आरोपीची म्हातारी आई असते, शाळेत जाणारी मुले असतात आणि आवाज त्यांनाही तेवढाच लागतो. तरीही घरात मार खाणाऱ्या बाईचा आवाज दाराबाहेर येत नसेल, तर शेजारच्या चार बायकांनी त्या दारासमोर उभे राहून थाळी वाजवण्यात आम्हाला गैर वाटत नाही. मात्र ते तिला विचारून करावे, अंगाला हात न लावता करावे आणि आपण निघून गेल्यावर दार आतून लागेल तेव्हा ती कोठे असेल, याची व्यवस्था आधी झालेली असावी. मारहाण चालू असेल तर थाळी बाजूला ठेवून ११२ हा क्रमांक फिरवावा. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनीही आहे.